हाताची खूण, निषेध आणि ज्यूद्वेष : निवाडा कशावरून करायचा?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखाद्या खेळाडूने, नटाने किंवा मोर्चातल्या तरुणाने केलेल्या हाताच्या खुणेवरून वादंग माजले की दोन्ही बाजूंची उत्तरे ठरलेली असतात. खूण करणारा म्हणतो, 'माझ्या मनात तसे काही नव्हते, मी फक्त निषेध नोंदवला.' ज्यांना ती खूण झोंबते ते म्हणतात, 'आम्ही दुखावलो, आणखी पुरावा कशाला हवा?' आरोप ज्यूद्वेषाचा असेल तर ही ओढाताण फारच तीव्र होते, कारण एकीकडे नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या हत्येची, म्हणजे होलोकॉस्टची, आठवण असते आणि दुसरीकडे इस्रायलच्या सरकारवर टीका करण्याचा, जगातल्या कोणत्याही सरकारच्या बाबतीत असतो तसाच, रास्त हक्क असतो. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. करणाऱ्याचे मन आपल्याला उघडून पाहता येत नाही, आणि पाहणाऱ्याच्या दुखावण्यावरच सारे सोपवले तर कोणताही निषेध शिल्लक राहणार नाही. त्यापेक्षा ती खूण कोठे केली, कोणासमोर केली आणि कोणाकडून उचलली हे पाहावे; ते उघड्यावर असते आणि तपासता येते. शिवाय खुणेचा अर्थ ठरवणे आणि माणसाला दोषी ठरवणे ही दोन निराळी कामे आहेत. ती एकमेकांत मिसळली की न्यायाची फसगत होते, असे माझे मत आहे. त्यासाठी फ्रान्समधल्या 'केनेल' नावाच्या खुणेचा इतिहास जरा तपशिलात पाहण्यासारखा आहे.

ही खूण करायला अगदी सोपी. एक हात ताठ खाली सोडायचा, तळवा जमिनीकडे, आणि दुसरा हात छातीवरून आडवा नेऊन पहिल्या हाताच्या दंडावर किंवा खांद्यावर टेकवायचा. २८ डिसेंबर २०१३ रोजी लंडनच्या अप्टन पार्क मैदानावर वेस्ट हॅमविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या निकोला अनेल्का या फ्रेंच खेळाडूने गोल केल्यावर ती केली. मैदानावरच्या बहुतेक इंग्रज प्रेक्षकांना त्यात काही वावगे दिसले असण्याची शक्यता कमीच. फ्रान्समध्ये मात्र दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्यांना ती लगेच ओळखू आली आणि त्या देशाच्या क्रीडामंत्र्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर निषेध केला. अनेल्काच्या संघाचे तात्पुरते प्रशिक्षक त्याच्या पाठीशी उभे राहिले. स्वतः अनेल्काने सांगितले की, आपला मित्र, विनोदी नट दिएदोने याला उद्देशून ती खूण होती. तिचा धर्माशी किंवा वंशाशी काही संबंध नाही, ती प्रस्थापित व्यवस्थेविरुद्ध आहे. एकाच हालचालीचे इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर दोन अर्थ लागले. दोन्ही काठांवरची माणसे प्रामाणिक असू शकतात, हे आधीच मान्य करून पुढे जातो.

हा दिएदोने कोण, हे पाहिल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. त्याचे वडील कॅमेरूनचे, आई फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली. १९९० च्या दशकात एली सेमून या ज्यू सहकाऱ्याबरोबरच्या त्याच्या जोडीने फ्रान्सला खळखळून हसवले. १९९७ च्या संसदीय निवडणुकीत तो द्रो शहरातून अतिउजव्या नॅशनल फ्रंटच्या विरोधात उभा राहिला होता. म्हणजे सुरुवातीला हा माणूस वंशवादाच्या विरोधकांतच मोजला जात होता. १ डिसेंबर २००३ रोजी दूरचित्रवाणीच्या एका थेट कार्यक्रमात तो कडव्या इस्रायली वसाहतवाल्याचा, म्हणजे पॅलेस्टिनी भूमीवर वस्ती करणाऱ्याचा, वेश करून आला आणि हात उंचावून इस्रायलचे नाव व हिटलरचा सलाम यांची सांगड घालणारा शब्द उच्चारून गेला. त्यावरून खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. तो निकाल मला योग्य वाटतो. वसाहतवाल्याच्या राजकारणाची ती टवाळी होती. अभिरुचीहीन म्हणता येईल, पण टवाळीच. ज्या देशाच्या न्यायालयांनी पुढे त्याला वारंवार दंड केला त्याच देशाच्या न्यायालयाने तेव्हा त्याला सोडले, ही गोष्ट त्याचे समर्थक सांगत नाहीत आणि विरोधकही फारशी सांगत नाहीत.

पुढचा प्रवास मात्र वेगळ्या दिशेने झाला. डिसेंबर २००८ मध्ये पॅरिसच्या झेनिथ नाट्यगृहात त्याने रोबेर फोरिसाँ या गृहस्थाला मंचावर बोलावले. नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्या अस्तित्वातच नव्हत्या, असे सांगत आयुष्य घालवलेला हा माणूस. त्याला 'पुरस्कार' दिला तो छळछावणीतल्या कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घातलेल्या आणि छातीवर, नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला, पिवळा तारा लावलेल्या इसमाच्या हातून. ज्या पक्षाविरुद्ध तो अकरा वर्षांपूर्वी निवडणूक लढला, त्याच पक्षाचे संस्थापक झाँ-मारी ल पेन त्याच वर्षी त्याच्या मुलीचे धर्मपिता झाले होते. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत त्याने आलँ सोराल या अतिउजव्या लेखकासारख्या साथीदारांसह 'झायोनवादविरोधी' (झायोनवाद म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कार) नावाची उमेदवारांची यादी उभी केली. तिला पॅरिस आणि परिसरात दीड टक्क्याहूनही कमी मते मिळाली. त्या यादीच्या प्रचारपत्रकावर हीच केनेल झळकत होती. खूण जन्मली होती रंगमंचावरच्या एका विनोदी प्रसंगात, हे खरे आहे. पण २००९ पासून ती एका राजकीय प्रचाराची निशाणी झाली, आणि त्या प्रचाराला शत्रू म्हणून कोण अभिप्रेत होते हे यादीच्या नावातच लिहिलेले होते. तेव्हा २०१३ मध्ये ही खूण करणाऱ्याने 'ही फक्त व्यवस्थेविरुद्ध आहे' असे म्हणणे म्हणजे एखाद्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन मला त्याचा रंग आवडतो असे सांगण्यासारखे आहे.

'व्यवस्थेविरुद्ध' हे स्पष्टीकरण एका साध्या कसोटीवर घासून पाहावे. १९ मार्च २०१२ रोजी तुलूझ शहरातल्या ओझार हातोरा या ज्यू शाळेच्या दारात मोहम्मद मेराह याने एका शिक्षकाला आणि तीन मुलांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच शाळेसमोर उभे राहून केनेल करणाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरले. तेथे कोणती व्यवस्था होती? बँक नाही, मंत्रालय नाही, वृत्तवाहिनी नाही, इस्रायलचा दूतावासही नाही. एक शाळा, तिचे फाटक, आणि त्या फाटकापाशी मेलेली मुले. सोरालने स्वतः बर्लिनच्या होलोकॉस्ट स्मारकाच्या शिळांमध्ये उभे राहून ही खूण केली. २०१३ मध्ये फ्रेंच लष्कराच्या दोन जवानांनी पॅरिसमधल्या एका सिनेगॉगसमोर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोर, गणवेशात ती केली आणि लष्कराला त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी लागली. गाझा, वसाहती, लष्करी कारवाया, अमेरिकेची शस्त्रमदत यांपैकी कोणत्याही गोष्टीवर या जागांचे काही नियंत्रण नव्हते. ज्याला सरकारचा निषेध करायचा आहे त्याला सरकारचा पत्ता ठाऊक असतो. मेलेल्यांच्या स्मारकापाशी किंवा प्रार्थनेला येणाऱ्यांच्या दारात जाऊन निषेध करणाऱ्याला सरकार नको असते, त्याला ज्यू हवे असतात. निषेध आणि ज्यूद्वेष यांतली रेषा अनेकदा धूसर असते असे म्हणतात. येथे मला ती धूसर दिसत नाही.

अनेल्काचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही, आणि म्हणूनच ते जास्त शिकवणारे आहे. अप्टन पार्क हे काही ज्यूंचे प्रार्थनास्थळ नव्हे. नेमका हाच मुद्दा फ्रान्समधील ज्यू संस्थांच्या शिखर परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष रोजे क्युकिएरमान यांनी तेव्हा मांडला होता. सिनेगॉगसमोर किंवा होलोकॉस्टच्या स्मारकासमोर केली तर ही खूण ज्यूद्वेषी ठरते, एरवी ती प्रस्थापितविरोधी घोषणेसारखी आहे, असे त्यांनी सांगितले आणि अनेल्काला कडक शिक्षा होऊ नये असे सुचवले. त्यांच्यावर आपल्याच लोकांकडून टीका झाली आणि नंतर त्यांनी आपली भूमिका बरीच सावरून घेतली. अनेल्काने अर्थातच त्यांचे मूळ वक्तव्य ढालीसारखे पुढे केले. ज्यू समाज म्हणजे एकमुखाने बोलणारा समाज नाही, हेही यावरून दिसते. 'ज्यू दुखावले' असे सरसकट लिहिणाऱ्यांनी त्याच आठवड्यातली ही मुलाखत लक्षात ठेवायला हवी होती.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस जो निवाडा दिला, तो मला या साऱ्या वादातला सर्वांत समंजस कागद वाटतो. ही खूण दिएदोनेशी घट्ट जोडलेली आहे, दिएदोने ज्यूद्वेषाशी घट्ट जोडलेला आहे, म्हणून खूणही ज्यूद्वेषाशी जोडली जाते, असे आयोगाने म्हटले. पण त्याच निवाड्यात आयोगाने हेही स्पष्ट केले की अनेल्का स्वतः ज्यूद्वेष्टा आहे, किंवा त्याला ज्यूद्वेष व्यक्त करायचा वा पसरवायचा होता, असे आम्हाला आढळले नाही. शिक्षा झाली पाच सामन्यांची बंदी, ८० हजार पौंड दंड आणि प्रशिक्षणवर्गाची सक्ती. पाच सामने ही त्या वेळच्या नियमांत अशा गुन्ह्याला असलेली किमान शिक्षा होती. काही ज्यू संघटनांना ती फारच सौम्य वाटली; अनेल्काच्या चाहत्यांनी विचारले की, तो ज्यूद्वेष्टा नाही असे म्हणता आणि वर शिक्षाही करता, हे कसे? मला त्यात विसंगती दिसत नाही. लाखो लोक पाहत असताना एखादी निशाणी उंचावणाऱ्यावर ती कोणाची आहे हे जाणून घेण्याची जबाबदारी असते, आणि ती न पाळल्याची किंमत मोजावी लागते. पण निष्काळजीपणाची किंमत वेगळी आणि द्वेषाचा कलंक वेगळा. आयोगाने पहिली वसूल केली आणि दुसरा लावला नाही. पुढे क्लबशी त्याचे बिनसले आणि मार्च २०१४ मध्ये तो तेथून बाहेर पडला. तत्पूर्वी जानेवारीत क्लबच्या प्रमुख प्रायोजक कंपनीने करार पुढे न वाढवण्याचे जाहीर केले होते. बाजार न्यायालयाची वाट पाहत नाही, त्याचे काय करायचे हा निराळा विषय आहे.

तुलनेसाठी ग्रीसचे उदाहरण पाहा. मार्च २०१३ मध्ये एईके अथेन्स या फुटबॉल क्लबच्या वीस वर्षांच्या यॉर्गोस कातिदिसने गोल केल्यावर सदरा काढून हात ताठ पुढे केला. तो उघडउघड नाझी सलाम दिसत होता. त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नव्हता, असे तो कळवळून सांगत राहिला. ग्रीक महासंघाने त्याला राष्ट्रीय संघांतून आजन्म बाद केले. नाझींच्या ताब्यात उपासमारीने हजारो माणसे गमावलेल्या देशाचा संताप समजण्यासारखा आहे, तरी विशीतल्या मुलाला 'आजन्म' ही शिक्षा मला अतिरेकी वाटते. येथे खूण आणि माणूस यांत महासंघाने फरकच केला नाही.

जागा आणि प्रेक्षक यांवरून अर्थ ठरतो या म्हणण्याला सर्वांत चांगला दाखला स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे, आणि तोही परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन निकालांतून. ऑगस्ट २०१० मध्ये रुटलीच्या ऐतिहासिक कुरणावर अतिउजव्यांच्या मेळाव्यात एकाने हिटलरचा सलाम केला. २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटले की, स्वतःची श्रद्धा प्रकट करणे हा त्या देशाच्या कायद्याने गुन्हा नाही. तिचा इतरांत प्रसार करण्याचा हेतू दिसला तर गुन्हा होतो. मग २०१७ मध्ये त्याच न्यायालयासमोर जिनिव्हातल्या एका सिनेगॉगसमोर साथीदारांसह केनेल करून छायाचित्र काढून घेतलेल्या माणसाचे अपील आले, आणि न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. म्हणजे शंभर वर्षांतली सर्वांत कुप्रसिद्ध खूण एका कुरणावर सुटली आणि विनोदी नटाची संदिग्ध खूण सिनेगॉगसमोर अडकली! पहिला निकाल अनेकांना पटला नाही, मलाही पूर्णपणे पटत नाही. मेळाव्यात केलेला सलाम ही खासगी श्रद्धा कशी? पण दुसऱ्या निकालातला विचार निर्दोष आहे. कोणताही पूर्वग्रह नसलेला वाटसरू सिनेगॉगच्या दारात ते दृश्य पाहील तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न न्यायालयाने विचारला. करणाऱ्याचे मन किंवा दुखावलेल्याचे मन यांच्यापेक्षा हा तिसरा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता सरकारांविषयी. जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सचे गृहमंत्री मान्युएल वाल्स यांनी दिएदोनेचे प्रयोग आधीच रोखण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांना परिपत्रक धाडले. नाँत शहरातल्या ९ जानेवारीच्या प्रयोगावरची बंदी तेथील प्रशासकीय न्यायालयाने त्या दिवशी दुपारी उठवली आणि प्रयोगाला काही तास उरलेले असताना पॅरिसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. हजारो प्रेक्षक तिकीट हातात घेऊन दारातून परतले. कारणे दिली ती सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि मानवी प्रतिष्ठेची. याच न्यायालयाने १९३३ मध्ये बेंजामिन प्रकरणात, गोंधळाची भीती हे सभा बंद पाडण्याचे कारण होऊ शकत नाही, पोलिसांनी आधी सुव्यवस्था राखण्याचा प्रयत्न करावा, असा दंडक घातला होता. तोंडातून शब्द बाहेर पडण्याआधीच तो दंडनीय ठरवणे त्या दंडकात बसत नाही. फ्रान्सची मानवी हक्क संघटना १८९८ मध्ये ड्रायफस प्रकरणात, म्हणजे एका ज्यू अधिकाऱ्यावरच्या अन्यायाविरुद्धच्या लढ्यात, जन्मली. तिनेही या बंदीबद्दल साशंकता व्यक्त केली, हे बोलके आहे. शिवाय बंदीचा व्यावहारिक परिणाम उलटाच झाला. 'व्यवस्था मला गप्प करते' हे ज्याचे एकमेव भांडवल, त्याला ते भांडवल गृहमंत्र्यांनीच आणून दिले.

बोलून झाल्यावर, पुराव्यानिशी, उघड न्यायालयात झालेल्या कारवाया मात्र टिकल्या. फोरिसाँला दिलेल्या 'पुरस्कारा'बद्दल झालेल्या दंडाविरुद्ध दिएदोने युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या न्यायालयाने त्याचा अर्ज दाखलच करून घेतला नाही. विनोदाच्या आवरणाखाली तो कार्यक्रम सभेसारखा झाला होता आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा उपयोग त्या स्वातंत्र्याच्याच मुळावर घाव घालण्यासाठी करता येत नाही, असे कारण दिले. त्याच वर्षी जानेवारीत पॅरिसच्या ज्यू किराणा दुकानात चार जणांना ठार करणाऱ्या कुलिबालीच्या नावाशी स्वतःला जोडणारे वाक्य त्याने समाजमाध्यमावर टाकले होते. त्याबद्दल दोन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. २०२३ च्या आरंभी त्याने ज्यू समाजाची माफी मागितली. ती कितपत मनापासून होती यावर फ्रान्समध्ये मतभेद आहेत आणि मी त्यात पडत नाही.

खुणांवर कायद्याने सरसकट बंदी घालण्याचा मार्ग जर्मनीने स्वीकारला आहे. तेथील दंडसंहितेच्या कलम ८६ अ खाली नाझी सलामाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीचा इतिहास पाहता मला त्यात गैर वाटत नाही. पण बंदी आली की पळवाटही येते. जर्मन नवनाझींनी ताठ हाताला तीन बोटांची जोड देऊन नवा सलाम काढला, मग तोही कायद्याच्या कक्षेत आणावा लागला. केनेलची सारी ताकद अशाच पळवाटेत आहे. जाणणाऱ्याला ती कळते, न जाणणाऱ्यासमोर नाकारता येते. हात खाली सोडलेला असल्यामुळे कोणत्याच कायद्याच्या व्याख्येत ती नेमकी बसत नाही. म्हणून खुणांची यादी करून त्या प्रतिबंधित करण्यापेक्षा प्रसंग तपासणे अधिक कष्टाचे, पण अधिक न्याय्य आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर असू शकते. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली 'ठीक आहे' ही खूण २०१७ मध्ये इंटरनेटवरच्या काही टवाळखोरांनी गोऱ्या वर्चस्ववाद्यांची म्हणून मुद्दाम पसरवली. हेतू असा की उदारमतवाद्यांनी भडकून आपले हसे करून घ्यावे. गंमत म्हणून सुरू झालेले हे सोंग खऱ्या वर्चस्ववाद्यांनी उचलले. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड करणाऱ्याने न्यायालयात हीच खूण केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ज्यूंच्या अँटी-डिफमेशन लीगने ती द्वेषचिन्हांच्या यादीत घेतली, मात्र बहुतांश वेळा तिचा अर्थ निरुपद्रवीच असतो हेही बजावले. तरी २०२० मध्ये सॅन डिएगोतल्या एका कामगाराची नोकरी गेली, कारण कामाच्या गाडीच्या खिडकीबाहेर सोडलेल्या त्याच्या हाताचे अनोळखी माणसाने काढलेले छायाचित्र समाजमाध्यमावर फिरले. आपण बोटे मोडत होतो, असे तो सांगत होता. त्याच्यासमोर सिनेगॉग नव्हते, जमाव नव्हता, कोणाला उद्देशून काही बोललेला एक शब्द नव्हता. तेथे प्रसंग कोणी तपासलाच नाही.

सर्वांत कठीण उदाहरण मला लाल हातांचे वाटते. एप्रिल २०२४ च्या अखेरीस पॅरिसच्या सियाँस पो या विद्यापीठात गाझातल्या युद्धाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांनी लाल रंगाने माखलेले तळहात उंचावले. रक्ताने माखलेले हात ही दोषाची फार जुनी प्रतिमा आहे. मुलांना सैनिक बनवण्याविरुद्धच्या जागतिक मोहिमेतही ती वापरली जाते. पण अनेक ज्यूंना ते पाहून १२ ऑक्टोबर २००० चा दिवस आठवला. त्या दिवशी रामल्लाच्या पोलीस ठाण्यात दोन इस्रायली राखीव सैनिकांना जमावाने ठेचून मारले आणि मारेकऱ्यांपैकी एकाने खिडकीत येऊन रक्ताने भरलेले तळवे खालच्या गर्दीला दाखवले. ते छायाचित्र जगभर छापले गेले होते. विशीतल्या त्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. त्यांना ज्यूद्वेष्टे म्हणणे मला मान्य नाही. निदर्शन विद्यापीठात होते, मागणी युद्धाविषयी होती, रोख सरकारवर होता. या तिन्ही गोष्टी त्यांच्या बाजूने जातात. मात्र रामल्लाची आठवण सांगितल्यानंतर 'असो, आम्हाला काय त्याचे' असे म्हणून पुन्हा तेच हात, विशेषतः ज्यू सहाध्यायांच्या तोंडासमोर, उंचावले तर उत्तर बदलते. अज्ञान हा बचाव एकदाच वापरता येतो. अनेल्काच्या बाबतीतही माझा खरा आक्षेप तोच आहे. आपला मित्र कोण आणि काय बोलतो हे फ्रान्समध्ये वाढलेल्या माणसाला २०१३ पर्यंत ठाऊक नव्हते, हे पचनी पडत नाही.

ज्यूद्वेषाची व्याख्या करण्याचे प्रयत्न झाले आहेत. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची २०१६ ची व्याख्या अनेक सरकारांनी स्वीकारली. ती इस्रायलवरच्या टीकेला जाच करते असे वाटणाऱ्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर करणे हा ज्यूद्वेष नव्हे, हे पहिल्या व्याख्येतही लिहिलेले आहे, आणि ज्यूंना ज्यू म्हणून इस्रायलच्या वर्तनासाठी जबाबदार धरणे हा ज्यूद्वेष आहे, हे दुसऱ्यातही मान्य आहे. हाताच्या खुणांपुरते एवढे पुरेसे आहे.

एक शेवटचा मुद्दा वृत्तपत्रांसाठी, म्हणून आपल्यासाठीही. सियाँस पोच्या त्या निदर्शनांनंतर दोन-तीन आठवड्यांतच पॅरिसच्या होलोकॉस्ट स्मारकाबाहेरच्या भिंतीवर, जिच्यावर ज्यूंना वाचवणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, रात्रीतून लाल हातांचे ठसे उमटले. पहिल्या बातम्या वाचणाऱ्या कोणाच्याही मनात बोट विद्यार्थ्यांकडे गेले असेल. तपासात निघाले ते बल्गेरियन नागरिक, आणि त्यांच्यामागे फ्रान्समध्ये फूट पाडू पाहणारी रशियाशी संबंधित मोहीम असल्याचा संशय. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पॅरिसच्या न्यायालयाने चौघांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. भिंत कोणती निवडली यावरूनच कृत्याचे स्वरूप पहिल्या दिवशी कळत होते. करणारे कोण हे न्यायालयात ठरायला मात्र दीड वर्ष लागले. तेव्हा अशी बातमी छापताना खूण कशी केली, कोणत्या जागी, कोणासमोर आणि नंतर करणारा काय म्हणाला, हे पहिल्या परिच्छेदात द्यावे, आणि कोण कोणाचा द्वेष करतो हे मथळ्यात ठरवून टाकू नये, एवढी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक